५७४ पैकी फक्त दोन अमिनो आम्लं बदलतात आणि सिकलसेल होतो; हा फरक एका छिद्रातून ओळखणारं 'नॅनोपोअर' तंत्रज्ञान काय आहे?

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार साखळ्या, आणि या चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्लं. यातल्या दोन साखळ्यांना बीटा म्हणतात. प्रत्येक बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला हवं. त्याऐवजी तिथे व्हॅलिन बसलं, की ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटायला लागतात. त्यांचे कडक धागे तयार होतात आणि गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारे संसर्ग.

यालाच सिकलसेल म्हणतात. 'सिकल' म्हणजे विळा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, अमरावतीतलं मेळघाट या भागांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हा आजार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आणि उद्दिष्टासाठी २०४७ हे वर्ष धरलं गेलं.

गावपातळीवर साधारणपणे आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा, द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे असं समजायचं. चाचणी स्वस्त आहे, सोपी आहे. पण समोरचा माणूस फक्त वाहक आहे की त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे तिच्यातून कळत नाही. तान्ह्या बाळांमध्ये तर तिच्यावर विसंबताच येत नाही, कारण त्यांच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनच जास्त असतं. खात्री करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. म्हणजे मोठं यंत्र, वीज, ते चालवणारा तंत्रज्ञ, आणि नमुना तिथपर्यंत नेण्याची सोय. अलीकडे जागेवरच निकाल देणाऱ्या पट्टीच्या चाचण्याही आल्या आहेत. पण कोणतं हिमोग्लोबिन आहे एवढंच त्या सांगतात, किती आहे ते सांगत नाहीत.

२०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या जिओव्हानी माग्लिया यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी साधं हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन एकत्र मिसळलं आणि एकेक रेणू एका सूक्ष्म छिद्रात शिरू दिला. कुठलाही रंग लावला नाही, रेणू तोडला नाही. छिद्रातून वाहणाऱ्या विजेत काय बदल होतो, एवढंच पाहिलं. त्या बदलावरून समोरचा रेणू साधा की सिकल, हे ९७ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखता आलं. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तर जवळजवळ १०० टक्के अचूक ओळखलं गेलं.

दोन रेणूंच्या वजनात ०.१ टक्काही फरक नाही. मग एका छिद्राला तो कळतो कसा?

सिगारेटच्या पाकिटापासून सुरुवात

या कल्पनेचं मूळ आपण सगळ्यांनी कधी ना कधी करून घेतलेल्या तपासणीत आहे. लॅबमध्ये सीबीसी करतो तेव्हा रक्तातल्या पेशी मोजल्या जातात. पूर्वी हे काम सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी करावं लागायचं. अमेरिकेतल्या वॉलेस कूल्टर यांनी त्यावर युक्ती काढली. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे, मध्ये पडदा, पडद्याला एक बारीक छिद्र. दोन्हीकडे इलेक्ट्रोड लावले की छिद्रातून वीज वाहते. पेशी छिद्रातून जाताना थोडी जागा अडवते, तेवढ्यापुरती वीज कमी होते. असा प्रत्येक खड्डा म्हणजे एक पेशी, आणि खड्डा जितका खोल तितकी पेशी मोठी. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरच्या पातळ सेलोफेनला गरम सुईने भोक पाडलं होतं, असं सांगतात. १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आजही अनेक सीबीसी यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

नॅनोपोअर म्हणजे हीच युक्ती, फक्त छिद्र काही हजार पटींनी लहान. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साध्या कागदाची जाडी साधारण एक लाख नॅनोमीटर भरते, आणि इथली छिद्रं एक ते दहा नॅनोमीटरची असतात. एवढ्या छोट्या भोकातूनही दर सेकंदाला साधारण ६० कोटी आयन जाऊ शकतात. वीज म्हणून हा प्रवाह अगदीच नगण्य, १०० पिकोअँपिअरच्या आसपास. पण मोजता येतो. एखादा रेणू आत शिरला, की तो किती जागा अडवतो, त्याच्यावर कुठला विद्युतभार आहे, आत तो कुठे टेकतो आणि किती वेळ थांबतो, या सगळ्याचा ठसा त्या प्रवाहावर उमटतो.

आता हिमोग्लोबिनचं कोडं सुटतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर काहीच नसतो. म्हणजे सिकल हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूवर दोन ऋणभार कमी. वजन जवळपास तेच, आकार जवळपास तोच, पण छिद्रातल्या विद्युतक्षेत्रात दोन्ही रेणू थोडे वेगळे वागतात, आणि तो वागण्यातला फरक आलेखात दिसतो.

ही छिद्रं येतात कुठून?

इतकं अचूक छिद्र ड्रिल करून पाडणं महाकठीण. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पापुद्र्यात तशी छिद्रं पाडली जातात, पण प्रत्येक छिद्र दुसऱ्यासारखंच येईल याची खात्री नसते. निसर्गाने मात्र हे काम आधीच करून ठेवलं आहे. बहुतेक वेळा कुणाला तरी मारण्यासाठी.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू अल्फा हिमोलायसिन नावाचं विष सोडतो. सात सारख्या तुकड्यांची त्याची एक नळी तयार होते, ती आपल्या पेशीच्या आवरणात घुसते आणि पेशीला भोक पडतं. या नळीचा सगळ्यात अरुंद भाग सुमारे १.४ नॅनोमीटरचा आहे, आणि अशी प्रत्येक नळी हुबेहूब सारखी. संशोधकांना आणखी काय हवं! विषमज्वराच्या जिवाणूकडून क्लायए मिळालं, एका समुद्रफुलाकडून फ्रॅगासियाटॉक्सिन. हिमोग्लोबिनच्या प्रयोगात वापरलेलं प्लायएबी हे छिद्र सुमारे साडेपाच नॅनोमीटर रुंद आहे आणि ते आलं धिंगरी अळिंबीतून. होय, तीच अळिंबी जी आपण भाजी करून खातो.

डीएनएचं जमलं, प्रथिनांचं अडलं

नॅनोपोअर हे नाव अनेकांनी डीएनएच्या संदर्भात ऐकलेलं असतं. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर गाडीने प्रवास करत होते. डीएनएचा धागा एका छिद्रातून ओढला तर एकेक अक्षर वाचता येईल का, हा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि त्यांनी तो वहीत रेखाटून ठेवला. १९९६ मध्ये डीएनए आणि आरएनएचे धागे अल्फा हिमोलायसिनमधून जातात आणि तसं जाताना ते ओळखू येतात, हे डीमर, डॅनियल ब्रँटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. नंतर ऑक्सफर्डमधल्या हेगन बेली यांच्या कामातून २००५ मध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोअर ही कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये स्टेपलरएवढं 'मिनआयन' हे यंत्र संशोधकांच्या हातात पडलं. २०१५ मध्ये ते इबोलाच्या साथीत गिनीमध्ये वापरलं गेलं आणि २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी ते अंतराळ स्थानकात चालवलं.

वहीतल्या चित्रापासून विकत मिळणाऱ्या यंत्रापर्यंत पंचवीस वर्षं, आणि तेही तुलनेने सोप्या रेणूसाठी. डीएनएच्या धाग्यावर सगळीकडे सारखाच ऋणभार असतो, त्यामुळे विजेचा दाब दिला की तो निमूटपणे एका दिशेला ओढला जातो. वाचायची अक्षरं फक्त चार. नमुना कमी असला तर पीसीआर करून त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात.

प्रथिनांच्या बाबतीत यातलं एकही खरं नाही. अक्षरं २०. काही अमिनो आम्लांवर धनभार, काहींवर ऋणभार, बऱ्याच जणांवर काहीच नाही. त्यामुळे साखळी एका दिशेला ओढायची म्हटली तर तिचा एक भाग पुढे जातो आणि दुसरा मागे खेचतो. त्यात प्रथिन सरळ धागा म्हणून राहतच नाही, त्याची घट्ट गुंडाळी झालेली असते. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवायचा आणि दोऱ्याला आधीच गाठ, असा प्रकार. शिवाय प्रथिनांचा पीसीआर नसतो. जेवढे रेणू नमुन्यात आहेत तेवढ्यावरच भागवायचं.

मग डीएनए वाचून प्रथिनं ओळखली तर चालणार नाही का? पुष्कळदा चालतं. सिकलसेलचा दोषही जनुकात दिसतोच. पण जनुक ही पाककृती आहे, ताटात काय आणि किती वाढलं गेलं हे त्यावरून कळत नाही. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार आहेत, प्रथिनांची प्रत्यक्ष रूपं त्याहून कितीतरी जास्त. प्रथिन तयार झाल्यावर पेशी त्याला कुठे फॉस्फेट चिकटवते, कुठे साखर जोडते, कुठे तुकडा कापून टाकते. एक फॉस्फेट लागल्याने एखादं एन्झाइम चालू होतं किंवा बंद पडतं. ही माहिती डीएनएमध्ये लिहिलेली नसते.

सध्या हे काम मुख्यतः मास स्पेक्ट्रोमेट्रीने होतं, आणि ती पद्धत उत्तम आहे यात वाद नाही. पण बहुतेक वेळा त्यात प्रथिनाचे आधी बारीक तुकडे करावे लागतात. एका तुकड्यावर फॉस्फेट सापडलं आणि दुसऱ्यावर साखर, तर ही दोन्ही एकाच रेणूवर होती की वेगवेगळ्या, हे सांगणं अवघड होऊन बसतं. नॅनोपोअरकडून मोठी आशा आहे ती इथेच. रेणू एक, आणि तो आख्खा.

मग साखळी ओढायची कशी?

या प्रश्नावर गेल्या बारा-पंधरा वर्षांत बरीच डोकी लागली आहेत. सगळ्यात सुंदर उत्तर पेशीतच सापडलं. जिवाणूंमध्ये क्लिपएक्स नावाचं एक आण्विक यंत्र असतं. नको असलेलं प्रथिन पकडायचं, त्याची घडी उलगडायची आणि ते कापायला पुढे सरकवायचं, हे त्याचं रोजचं काम. २०१३ मध्ये सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेफ निवाला, मार्क एकेसन आणि सहकाऱ्यांनी या यंत्राला छिद्राजवळ बसवलं. छिद्रातून आलेलं प्रथिनाचं शेपूट क्लिपएक्सने धरलं आणि दोरी ओढावी तसं गुंडाळी सोडवत ओढून घेतलं. गाठ सोडवण्याचं काम झालं, पण एकेक अक्षर वाचण्याइतकी स्पष्टता अजून नव्हती.

२०२१ मध्ये डेल्फ्टमधल्या सीस डेकर यांच्या गटाने वेगळी शक्कल लढवली. प्रथिनाचा छोटा तुकडा त्यांनी डीएनएच्या धाग्याला जोडला. डीएनए पायरी-पायरीने ओढणारी हेलिकेज नावाची एन्झाइम्स आधीपासून माहीत होतीच. हेलिकेजने डीएनए ओढला की त्याला बांधलेला प्रथिनाचा तुकडाही तितक्याच संथपणे छिद्रातून सरकतो. इंजिन ओळखीचं, डबा नवा. खरी कमाल पुढे आहे. एक हेलिकेज सुटलं की रांगेतलं पुढचं तेच काम पुन्हा सुरू करतं, त्यामुळे तोच एक रेणू पुन्हा पुन्हा वाचता येतो. एकाच अमिनो आम्लाचा फरक असलेले तीन तुकडे त्यांनी वेगळे ओळखले आणि अनेकदा वाचल्यावर चुकीचं प्रमाण दहा लाखांत एकापेक्षा खाली आलं.

हा आकडा बातम्यांमध्ये फार गाजला, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथे उत्तराचे पर्याय आधीच माहीत होते, तीनपैकी कोणता एवढंच सांगायचं होतं. पूर्णपणे अनोळखी प्रथिन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती अजून जमलेली नाही. छिद्राच्या अरुंद भागात एका वेळी एकच नव्हे तर शेजारची अनेक अमिनो आम्लं असतात. त्यामुळे मिळणारा संकेत एका अक्षराचा नसून अख्ख्या घोळक्याचा असतो.

सुट्या अमिनो आम्लांवरही काम चालू आहे. २०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना एरोलायसिन नावाच्या छिद्राने २० पैकी १३ ओळखता आली होती. पुढे चीनमधल्या नानजिंग विद्यापीठातल्या गटाने छिद्राच्या आत निकेलचा अणू बसवला आणि सगळीच्या सगळी २० वेगळी करून दाखवली. पण सुटे मणी ओळखणं निराळं आणि ओवलेल्या माळेतला क्रम सांगणं निराळं.

२०२४ मध्ये निवाला यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने क्लिपएक्सची युक्ती बाजारात मिळणाऱ्या मिनआयनवरच चालवून दाखवली. शेकडो अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या छिद्रातून सरकल्या आणि मध्ये ठरवून ठेवलेल्या जागी क्लिपएक्सची पकड सुटून साखळी मागे घसरली, की तोच भाग परत वाचता आला. एका अमिनो आम्लाचा बदल त्यात दिसत होता. यासाठी नवं यंत्र बांधावं लागलं नाही, म्हणून हे काम महत्त्वाचं.

वाचणं वेगळं, काम करताना पाहणं वेगळं

प्रथिनाचा क्रम कळला म्हणजे ते करतं काय हे कळलं, असं होत नाही. प्रथिनं हलतात, उघडतात, मिटतात, एखादा रेणू पकडतात आणि सोडतात. नेहमीच्या प्रयोगात असे अब्जावधी रेणू एकत्र असतात आणि हाती लागते ती सरासरी. यात्रेतल्या गर्दीचा आवाज रेकॉर्ड करून एका माणसाचं बोलणं समजून घेण्यासारखं हे आहे.

इथे नॅनोपोअरचा दुसरा उपयोग येतो, आणि त्याबद्दल तुलनेने कमी लिहिलं जातं. प्रथिन छिद्रातून ओढायचं नाही, आत अडकवून ठेवायचं आणि त्याचं काम चालू असताना वीज मोजत राहायची.

माग्लिया यांच्या गटाने डीएचएफआर हे एन्झाइम क्लायए छिद्राच्या पोकळीत असं अडकवलं. पेशीला डीएनएचा कच्चा माल तयार करायला हे एन्झाइम लागतं. कर्करोग आणि संधिवातात दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट याच एन्झाइमला रोखतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एन्झाइमने साहाय्यक रेणू पकडला की प्रवाह एका पातळीवर जाई, सोडला की दुसऱ्या. अशा नोंदींतून दिसलं, की एकच एन्झाइम अनेक रूपांमध्ये बदलत राहतं आणि प्रत्येक रूपाची पकड सारखी नसते. सरासरी काढणाऱ्या प्रयोगात ही रूपं एकमेकांत मिसळून गेली असती.

डेल्फ्ट आणि म्युनिकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये याहून सोपा सापळा तयार केला. डीएनएच्या घड्या घालून त्यांनी एक गोळा बनवला आणि तो घन पापुद्र्यातल्या छिद्रावर बुचासारखा बसवला. छिद्रातून वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीने प्रथिन त्या बुचाखाली येऊन अडकतं. एरवी प्रथिन छिद्रातून निमिषार्धात निघून जातं, इथे ते तासन्‌तास थांबतं. एचएसपी ९० हे इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारं प्रथिन इंधन मिळाल्यावर आकार कसा बदलतं, हे त्यांना त्याला कुठलंही लेबल न चिकटवता पाहता आलं.

गावातल्या दवाखान्यापर्यंत?

सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात. त्याने रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, आणि ते जितकं जास्त तितकं लाल पेशींचं वाकडं होणं कमी. म्हणजे निदान झाल्यावरही हे हिमोग्लोबिन किती टक्के झालं हे अधूनमधून मोजावं लागतं. जनुकाची तपासणी इथे उपयोगाची नाही, कारण जनुक बदलत नाही, बदलतं ते प्रमाण. 'आहे' किंवा 'नाही' सांगणारी पट्टीही पुरत नाही. एकेक रेणू ओळखून मोजणारं साधन नेमकं याच कामाचं. हजारो रेणू मोजले तर एखाद-दुसऱ्या रेणूची ओळख चुकल्याने वाहक आणि रुग्ण यांत गल्लत व्हायला नको, कारण वाहकाच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी असतं आणि रुग्णाच्या रक्तात साधं हिमोग्लोबिन जवळपास नसतंच. ग्रोनिंगेनच्या गटाने शेवटी प्रत्यक्ष रक्ताच्या नमुन्यांतलं हिमोग्लोबिनही मोजून दाखवलं.

तरीही तो प्रयोगशाळेतला प्रयोग आहे, चाचणीचं किट नाही. जैविक छिद्रं ज्या स्निग्ध पापुद्र्यात बसवतात तो दोन रेणूंइतकाच जाड असतो आणि जरा धक्का बसला तरी फुटतो. व्यावसायिक यंत्रांत त्याऐवजी टिकाऊ पॉलिमर वापरतात. छिद्रंच जास्त दणकट करण्याचेही प्रयत्न चालू आहेत. तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीत प्रयोगशाळेत जुळवलेल्या पेप्टाइडपासून कृत्रिम छिद्रं बनवण्यावर संशोधन होतं, म्हणजे जिवाणूच्या विषावर अवलंबून राहायला नको.

आणखी एक अडचण अगदी साधी आहे. मिनआयन खिशात मावतं, पण त्यात घालायची छिद्रांची चिप वापरेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. मे महिन्यात धारणीत पारा चाळिशीपार असतो आणि विजेचा भरवसा नसतो. लसींसाठी असलेला फ्रिज तिथे आधीच भरलेला असतो.